आजा आमचा, बुक सरकारचं

"पन्नासच्या आधीचं काय आहे?" खिडकीमागच्या बाबूनं मान वर न करता विचारलं.

"आत्या आहे," मी म्हणालो. "चाळीसच्या आसपासची."

बाबूनं मान वर केली. हसला नाही. "कागद आणा."

कचेरीचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातली एक कचेरी, एवढं पुरे. दुसऱ्या तालुक्यात जा, हीच खिडकी आणि हाच सवाल. पुतणीला इंजिनियरिंगची जागा मिळाली होती. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर जागा जाणार होती. पोरगी पुण्यात जन्मली, पुण्यातच शिकली. यवतमाळ तिनं नकाशात पाहिलेलं. पण ती कोण हे पुण्यात ठरत नाही. तिचा पणजा १० ऑगस्ट १९५० ला कुठं राहत होता, यावर ठरतं. त्या तारखेला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. विमुक्त-भटक्यांची तारीख २१ नोव्हेंबर १९६१. ओबीसींची १३ ऑक्टोबर १९६७. ज्याची त्याची तारीख, आणि त्या तारखेमागं ज्याचा त्याचा आजा.

२००१ मध्ये महाराष्ट्रात जात पडताळणीचा कायदा लागू झाला. त्यात सरळ लिहिलंय, सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. कायद्यामागचं कारण मला ठाऊक आहे. खोटे दाखले काढून आमच्या जागा लाटणारे होते, आजही आहेत. त्यांना पकडलंच पाहिजे. पण चोरी त्यांनी केली आणि झडती आमची चाललीय. आणि ज्या पुराव्यानं सिद्ध करायचं तो पुरावा कुणाच्या कपाटात? सरकारच्या. म्हणजे कपाट त्यांचं, किल्ली त्यांची, आणि कपाटात काय आहे ते आम्ही बाहेरून सांगायचं.

बाबासाहेब म्हणाले, गाव सोडा. आमच्या बापानं सोडलं. सरकार म्हणतं, गावचा कागद आणा. तर दोस्तांनो, मी गेलो कागद आणायला.

विदर्भात या कागदाचं नाव कोतवाल बुक. इंग्रजांच्या काळापासूनचं गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. कोतवाल बुकाची नक्कल काढायची, शाळेच्या दाखल-खारिजातला उतारा काढायचा, जमीन असली तर बंदोबस्ताची कागदपत्रं पाहायची. आमच्यातल्या बहुतेकांना जमीन नव्हती, म्हणून ते कागद बाद. आजा शाळेत गेला नाही, म्हणून दाखल-खारिज बाद. उरलं कोतवाल बुक. जो जन्मला आणि मेला एवढंच ज्याच्याबद्दल सरकारला सांगता येतं, त्याचा तो एकच कागद.

तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला माणूस रजेवर. दुसऱ्या खेपेला किल्ली कुणाकडं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या खेपेला फडक्यात बांधलेलं बुक टेबलावर आलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. काही पानं मोडीत, काही बाळबोधीत. पान उलटताना हातात तुकडा येत होता. शिपाई म्हणाला, "हळू बाप्पा, तुमचाच आजा फाटंल."

आणि मग ती ओळ सापडली. १९३८ ची. अमुक वल्द तमुक, कौम महार, मुलगा १.

'अमुक' म्हणजे माझा आजा. 'तमुक' म्हणजे त्याचा बाप, ज्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. आणि 'मुलगा १'. नाव नाही. आईचं नाव नाही. जिनं नऊ महिने वागवलं, कळा सोसल्या, ती त्या ओळीत कुठंच नाही. बापाचं नाव, जात आणि नग किती. बैलबाजारच्या पावतीत याहून जास्त मजकूर असतो.

पण बाबू खूश झाला. त्याचं बोट एकाच शब्दावर होतं, 'महार'. "झालं तुमचं काम," म्हणाला.

झालं काम. ज्या शब्दाचं ओझं आमच्या लोकांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात उतरवून ठेवलं, त्या शब्दाची नक्कल काढायला मी तीन खेपा घातल्या, फी भरली, शिक्का मारून घेतला. बौद्ध झालो म्हणून केंद्रानं १९९० पर्यंत अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या. १९९० ला कायदा दुरुस्त झाला तरी आजही सिद्ध काय करायचं? की आमचा आजा महार होता. धर्म आम्ही बदलला, जात मात्र त्यांच्या फडक्यात बांधलेली.

त्या रात्री एसटीत झोप येईना, तेव्हा अमेरिकेतले काळे लोक डोक्यात आले. येणारच. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी तेच नाव उचललं. नाव उचललं ते उगाच नाही. दुखणं एका जातीचं होतं.

अमेरिकेत आपलं कुळ शोधायचं लोकांना भारी वेड. गोऱ्या माणसाला जहाजाची यादी सापडते, चर्चचं रजिस्टर सापडतं, खानेसुमारी सापडते. खापरपणजा कुठल्या बंदरात उतरला तेही कळतं. काळा माणूस मागं मागं जात १८७० ला पोचतो आणि धाडकन भिंतीवर आपटतो. कारण १८७० ची खानेसुमारी ही पहिली, जिच्यात गुलामीतून सुटलेल्यांची नावं घरटी लिहिली गेली. त्याच्या आधी १८५० आणि १८६० ला गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यांत नाव कुणाचं? मालकाचं. मालकाच्या नावाखाली गुलामाचं वय, बाई की पुरुष, रंग काळा की मिश्र. गुलामाचं नाव बहुतेक यादीत नाहीच.

आता आमची ओळ पुन्हा वाचा. कौम महार, मुलगा १.

माल्कम लिटलनं 'लिटल' हे मालकानं दिलेलं आडनाव टाकलं आणि तिथं एक्स लावला. खरं नाव चोरीला गेलंय, सापडेपर्यंत ही फुली, असा त्याचा अर्थ. ॲलेक्स हॅलीनं १९७६ ला 'रूट्स' लिहिलं आणि आफ्रिकेतल्या पूर्वजापर्यंत पोचल्याचा दावा केला. पुढं त्याच्या पुराव्यांवर इतिहासकारांनी बोट ठेवलं. ठेवू देत. त्या पुस्तकानं लाखो काळ्या माणसांना जुन्या दप्तरखान्यांच्या पायऱ्या चढायला लावल्या, हे काही खोटं ठरत नाही.

आणि त्यांनी आणखी एक केलं, ते आपल्या कामाचं आहे. गुलामी संपल्यावर १८६५ ते १८७२ या काळात सुटलेल्या लोकांसाठी एक सरकारी खातं होतं, फ्रीडमेन्स ब्यूरो. मजुरीचे करार, लग्नं, शिधा, दवाखाना, मारहाणीच्या तक्रारी, सगळं त्या खात्याच्या कागदांत. दीडशे वर्षं ते कागद पडून होते. २०१५-१६ मध्ये हजारो साध्या माणसांनी घरी बसून एकेक पान वाचलं, एकेक नाव उतरवलं. सुमारे १८ लाख नावं बाहेर आली. त्यांत कारकून होते, म्हातारे होते, शाळकरी पोरं होती. हे काम करायला कुणी पंडित लागला नाही.

आणखी ऐका. अमेरिकेनं १९५० ची खानेसुमारी १ एप्रिल २०२२ ला सगळ्यांना खुली केली. घरी बसून नाव टाका, आजा सापडतो, फुकट. १९५०! आमच्या गळ्यात अडकवलेलं सालही तेच. तिथं त्या सालचा आजा बोटावर सापडतो, इथं त्या आधीचा आजा सापडायला किल्लीवाला बाबू सापडावा लागतो.

पुण्यातला एक कॉम्रेड मला म्हणाला, "कुळं, वंशावळी, हे बामणी खूळ आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती काय पुन्हा कुळं धुंडाळायला? माणूस जन्मानं ठरत नाही म्हणणारे आपण, आपणच जन्माचे दाखले कवटाळायचे?"

सवाल खरा आहे. टाळणार नाही.

कोकणस्थ घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. गोत्र अमुक, मूळपुरुष तमुक, शाखा किती, पेशव्यांच्या दरबारी कोण होता. नाशिक-त्र्यंबकच्या पंड्यांच्या वह्यांत सवर्णांच्या पिढ्यान्‌पिढ्या नीट लावून ठेवल्यात. त्याच नाशकात १९३० ला काळारामाच्या दारात आपली माणसं उभी राहिली, डोकी फोडून घेतली, पाच वर्षं लढली, दार उघडलं नाही. ती वंशावळ रक्त शुद्ध असल्याचा दाखला म्हणून लिहिलेली. तसली आपल्याला नकोच. आपला मूळपुरुष कुणी राजा निघावा म्हणून मी धडपडत नाही. आमचा आजा मेलेली ढोरं ओढणारा होता. तेच मला लिहायचंय, कुणी ओढायला लावली त्यांच्या नावासकट.

कारण ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, त्यांच्यावर झालेला अन्यायही घडलाच नाही असं म्हणणारी जमात आता टीव्हीवर बसलीय. 'आमच्या गावात कधी जातपात नव्हती हो.' याला उत्तर घोषणेनं मिळत नाही. याला उत्तर आहे ते बुक. त्यात प्रत्येक जन्मापुढं आणि प्रत्येक मरणापुढं जातीचा रकाना आहे. गावात जात नव्हती, मग पाळण्यातल्या पोराच्या आधी जात कुणी लिहिली?

यवतमाळचा छापील इतिहास उघडा. १८५३ ला निजामानं वऱ्हाड कंपनीकडं दिला. १८६४ ला इथं वेगळा जिल्हा झाला, पुढं त्याला वणी म्हणायचे, १९०५ ला यवतमाळ नाव पडलं. नंतर मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. आमचं घराणं पांढरी सोडून हललं नाही आणि एवढ्या सरकारांची रयत झालं. कापूस किती पिकला, सरकी कुठं गेली, रेल्वे कधी आली, साहेब कोण होता, सगळं छापलंय. कापूस वेचणाऱ्या बाईचं नाव कुठल्या पानावर आहे? कोलामाचं पोड किती वेळा उठवलं, कुणी लिहिलंय? आणि पारध्याच्या पोराला आजा शोधायचा तर कुठं जायचं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नावं नोंदली, हजेरी लावली. १९५२ ला तो कायदा गेला. नावं पोलिसांच्या दप्तरात राहिली. कुणाचा आजा पंड्याच्या वहीत, कुणाचा ठाण्याच्या हजेरीत. देश एकच.

त्या बुकात आजा शोधता शोधता मी १९१८ ची पानं चाळली. इन्फ्लुएन्झाचं साल. मध्यप्रांत-वऱ्हाडाला त्यानं देशातल्या सगळ्यांत वाईट तडाख्यांपैकी एक दिला. मरणाच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ताप. त्याखाली ताप. त्याखाली ताप. पान संपलं तरी ताप. एका ठिकाणी लिहिणाराही कंटाळला असावा, त्यानं नुसती टिंबं दिलीत. आमच्या वस्तीचा इतिहास त्या टिंबांत पडलाय. तो कोण वाचणार? विद्यापीठातला प्राध्यापक येणार नाही. आपल्यालाच वाचावा लागंल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही बातमी बुकापर्यंत नेली कुणी? विदर्भात कोतवाल बहुतेक आमच्यातलाच. मयताचा सांगावा पोचवणं हे तर आमच्या बलुत्यातलंच काम. भर पावसात, अनवाणी, कोसन्‌कोस चालत, 'अमक्याच्या घरी पोरगं झालं, तमक्याची म्हातारी गेली' हे आमच्याच माणसानं सांगितलं. लिहिलं दुसऱ्यानं. पाय आमचे, हात त्यांचा. त्या बुकात आमचे पाय आहेत. म्हणून ते बुक मी फाडणार नाही, जाळणार नाही. ते आमचंही आहे, आमच्या हातात द्या म्हणणार.

रजिस्टरात आपली माणसं कशी सापडतात याचा एक दाखला तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला एक पोरगा दाखल झाला. नोंद क्रमांक १९१४. नाव, भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर जपलं म्हणून तो दिवस आज आपल्याला ठाऊक आहे. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. एका ओळीची किंमत एवढी असते. मग आपल्या वस्तीतला पहिला पोरगा, पहिली पोरगी शाळेत कधी गेली, त्या ओळी का सडू द्यायच्या?

सरकार म्हणंल, मनुष्यबळ नाही, कागद जीर्ण झालेत. खोटं! २०२३ ला मराठवाड्यात मराठा-कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा न्यायमूर्ती शिंदे समिती बसली. सगळी यंत्रणा कामाला लागली. मोडी वाचणारे शोधून आणले. पुढं राज्यभर कपाटं उघडली, ५० लाखांहून जास्त कुणबी नोंदी सापडल्याचं सांगितलं, त्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. गरीब कुणब्याच्या पोराशी माझं भांडण नाही. त्याचा आजा सापडला, चांगलं झालं. माझा सवाल सरकारला आहे. त्याच बुकात, त्याच पानावर, खालच्या ओळीत माझा आजा होता. त्याच्यावरून तुमचं बोट सरकलं कसं? ज्यांच्या मोर्च्याला सत्ता घाबरते त्यांचा आजा सरकार शोधतं. ज्यांच्या मोर्च्याला घाबरत नाही त्यांनी आपला आजा आपण शोधायचा, तीन खेपा घालून.

म्हणून मागणी साधी आहे. यवतमाळच नाही, अख्ख्या विदर्भातली कोतवाल बुकं आणि शाळांचे दाखल-खारिज सरसकट फोटो काढून खुले करा. सगळ्या जातींचे. कागद सरकारच्या ताब्यात असेल तर तो हजर करण्याची जबाबदारी सरकारची. नोंद नसेल तर ती नसण्याचा दोष अर्जदाराच्या माथी मारू नका.

आणि सरकार करील म्हणून वाट पाहत बसू नका. शहरातल्या पोरांनो, तुम्ही गावाला जाता ते चौदा एप्रिलला मिरवणुकीत नाचायला. एकदा दोन दिवस काढून कचेरीत जा. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, अर्ज टाका, पानं पाहायला मागा. आपल्या वस्तीच्या सगळ्या ओळी उतरवून आणा, फक्त आपल्या घरच्या नाही. चार पोरं मोडी शिका. मोडी काही वेद नाही, महिनाभरात अक्षरं लागतात. आणि त्या ओळी घेऊन म्हाताऱ्या माणसांपुढं बसा. हे सगळ्यांत आधी. बुक अजून दहा वर्षं टिकंल, म्हातारी टिकंल का?

मी बसलो. नक्कल घेऊन आत्याकडं गेलो. आत्या पंच्याऐंशीच्या घरात. सोळाव्या वर्षी बापाच्या मागं मागं नागपूरला दीक्षेला गेलेली. अक्षर ओळखत नाही. मी फुशारकीनं वाचून दाखवलं, "आत्या, हे बघ, अडतीसची नोंद. मुलगा एक. माझा बाप!"

आत्या हसली. "तुहा बाप? बेटा, तुहा बाप तं माह्या मांगून झाला. ह्या त्याच्या आंधीचा. माह्याही आंधीचा. सव्वा मयन्यात गेला. माय सांगे मले."

मी गप्प. पुढचं पान मी पाहिलंच नव्हतं. 'महार' शब्द सापडला तसं बुक मिटलं होतं. बाबूसारखंच माझंही बोट एका शब्दावर थांबलं होतं.

"अन् मले आणली असती ना तिथं," आत्या म्हणाली, "तं मीच सांगतली असती सारी नावं. कागद काहाले पायजे? माह्या तोंडात हाय ना."

तिनं सांगितली. आज्याची, त्याच्या बापाची, त्याच्याही बापाची. मग आज्यांची, ज्या कुठल्याच बुकात नाहीत. कोण कुठल्या गावची, कोणाच्या वाड्यावर शेण काढायची, कोणाला कुणी हात लावला आणि त्यावर वस्तीत काय झालं. रात्रीचे दोन वाजले. मी शाळकरी वहीत उतरवत गेलो. शेवटी विचारलं, त्या सव्वा महिन्याच्या पोराचं नाव काय होतं?

नाव होतं. बारशाला ठेवलं होतं. आईनं शेवटपर्यंत लक्षात ठेवलं आणि लेकीला देऊन गेली.

पुतणीला वैधता मिळाली. मुदतीच्या चार दिवस आधी. पोरगी आज कॉलेजात आहे. तिच्या फायलीत सगळ्यांत जुना पुरावा म्हणून लावलीय ती त्या सव्वा महिन्याच्या पोराची ओळ. ज्याला सरकारनं नाव दिलं नाही, त्यानं तिला तिथवर नेऊन सोडलं. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काका, ती वही मला दे. मी टाइप करते."

वही तिच्याकडं आहे. नावाच्या रकान्यात तिनं पहिलं नाव त्याचं लिहिलंय. आईच्या नावाचा रकानाही आखलाय. जातीचा रकाना आखलेला नाही.